कपाळावरच्या रेघा

खडकमाळ वस्ती, ता. सांगोला
१० जून २०२४

श्रीदेवीअक्कांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, मी मात्र तुम्हाला तुमच्या हातावरून ओळखते. आमच्या शेजारच्या मल्लव्वाच्या देव्हाऱ्यात बिरुदेवाचा चांदीचा टाक आहे, तो तुम्ही कोरलेला. आमच्या वस्तीवर बाकी सगळ्यांचे टाक ठशात दाबून काढलेले. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. मल्लव्वाचा बिरुदेव तेवढा बघतो. मी अंगणवाडी सेविका आहे. तिच्या नातवाचं वजन करायला गेले की पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाते आणि त्याच्यासमोर जरा उभी राहते. आता मल्लव्वालाही कळलंय, मी गेले की ती तांब्या देव्हाऱ्याजवळच ठेवते.

काम असं आहे. माझ्या सासूबाई, रंभाबाई, गेल्या दिवाळीनंतर वारल्या. त्यांचा टाक करायचा आहे. आमच्यात घरचं गेलेलं माणूस चांदीच्या पत्र्यावर कोरून देवांच्या रांगेत बसवतात, म्हणजे ते माणूस घरचा देव झालं. नवा टाक घट बसतात त्याच दिवशी बसतो आणि माणूस गेल्यापासून वर्षाच्या आत बसावा लागतो. हे घट चुकले तर पुन्हा बसवत नाहीत.

फोटो एकच आहे, आधार कार्डावरचा. फोटोवाला 'हलू नका आजी' म्हणाला आणि त्या अशा बसल्या की कुणालाही वाटावं, कोंबडी चोरताना सापडल्या. त्यावरून जमेल तेवढं करा.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही असं मल्लव्वा म्हणाली. बरंच आहे. आमच्या घरात फोन स्पीकरवरच बोलतात आणि हे काम मला इतक्यात सगळ्यांच्या कानावर घालायचं नाही. डाळिंबाचा टेंपो घेऊन बिरप्पा सोलापूरला येतो. तो पत्र पोचवील आणि तुमचं उत्तर आणील.

तुमची,
विजयमाला


मंगळवार पेठ, सोलापूर
२४ जून २०२४

सौ. विजयमालाताई यांना श्रीदेवीचा नमस्कार.

पत्र वाचून बरं वाटलं. आमच्या पेठेत माझ्या कामाची तारीफ करणारं माणूस म्हणजे माझे यजमान, आणि त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. ऐकू न येण्याचं खरं आहे. सगळा जन्म हातोडीच्या शेजारी गेला. फोनवर लोक ओरडतात, मी 'हो हो' म्हणते आणि खंडोबा मागितला असेल तर बिरोबा करून ठेवते. त्यापेक्षा पत्र बरं.

चांदी घालवण्याआधी मी कोरलेल्या पत्र्यात काजळी भरते, वरची पुसून टाकते आणि ओला कागद दाबून चित्र उठवते. तोच कागद सोबत आहे. त्यात डावं-उजवं उलटं दिसेल, घाबरू नका, चांदीवर सुलट आहे.

तुम्ही 'बघतो' म्हणालात, म्हणून सांगते. चांदी सगळीकडून सारखी पांढरी. तिच्यात ना राग असतो ना माया. आपण रेघ मारतो म्हणजे खरं तर खड्डा करतो. खड्ड्यात अंधार बसतो आणि त्या अंधारामुळे शेजारची चांदी आहे त्याहून उजळ दिसते. डोळा मी कोरत नाही, डोळ्याभोवतीचा अंधार कोरते. सगळी करामत एवढीच आहे, पण ती शिकायला माझी बोटं वाकडी झाली.

सासूबाईंना मी ठसठशीत सवाशीण केली आहे. कपाळभर कुंकू, नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, हात भरून चुडा. आधार कार्डात यातलं काही दिसत नव्हतं, पण तिथला फोटोवाला देवालाही ओळखू येऊ देणार नाही. यजमानांना दाखवून पसंती कळवा.

श्रीदेवी


खडकमाळ वस्ती
५ जुलै २०२४

श्रीदेवीअक्का,

कागद मिळाला. बाई देखणी आहे. पण ती आमच्या घरात कधी राहत नव्हती.

मी पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. वाटलं, लिहिली तर तुम्ही कामच घेणार नाही. सासूबाईंचं कुंकू माझा दीर जोतिराम पाळण्यात असतानाच गेलं. आमच्यात बाई सवाशीण मेली तरच तिचा टाक होतो. विधवेचा होत नाही. विधवा गेली की गेली, तिचं नाव भिंतीवरसुद्धा उरत नाही.

आमच्या भाऊबंदांत सिद्धाप्पा वडीलधारे. बिरुदेवाची पूजा त्यांच्याकडे, घट बसवायलाही तेच येतात. मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "रंभा लई गुणाची व्हती, न्हाय कोण म्हणतंय? पर विधवेचा टाक देवात बसत न्हाय. आपल्या बापजाद्यांत कुणी बसवला न्हाय." मी म्हटलं, बापजाद्यांची मेंढरं दुष्काळात कुणी जगवली ते पण सांगा. त्यावर ते तंबाखू मळत बसले.

जोतिराम आईवेडा आहे, पण भाऊबंदांना भितो. मला म्हणाला, "वैनी, तुमी म्हणतासा ते पटतंय. पर उद्या लेकीच्या लग्नाला हीच माणसं दारात उबी ऱ्हायाची हायती की." तो काही वाईट माणूस नाही, घाबरट आहे एवढंच.

टाक बसणार, अक्का. कसा ते मला अजून माहीत नाही. पण त्यावर कुंकू, नथ, चुडा नको. खोटी बाई करून तिला चोरून आत नेणार असेन तर तिला नेलंच नाही म्हणायचं. ती होती तशी करा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तुम्हाला करायचं नसेल तर तसं कळवा, मी दुसरा हात शोधेन. तुमच्यासारखा मिळणार नाही हे मला ठाऊक आहे.

विजयमाला


मंगळवार पेठ, सोलापूर
२२ जुलै २०२४

सौ. विजयमालाताई,

करायचं नाही असं मी कुठे म्हटलं?

माझं माहेर मैंदर्गी. आमची आई कानडीतच बोलायची. 'मोदलु नोडु, आमेले माडु' म्हणायची, म्हणजे आधी बघ आणि मग कर. मी बघितलंच नाही. बाईचा टाक म्हटल्याबरोबर हाताने आपणहून कुंकू काढलं. आजवर सवाशिणींचेच टाक केले, विधवेचा कुणी मागितलाच नव्हता. आणि का मागत नाहीत, असं माझ्याही मनात कधी आलं नाही. पहिला पत्रा मुशीत टाकून वितळवला.

दुसऱ्याचा कागद पाठवते आहे. घोंगडी आणि काठी आहे. कपाळ मोकळं ठेवलं. भुवयांच्या रेघा बाहेरच्या बाजूला खाली उतरवल्या, डोळ्यांखाली बारीक रेघांची जाळी करून काळोख धरला, ओठांची टोकं खाली घेतली. रेघ खाली उतरली की बघणाऱ्याचं मन पण खाली उतरतं, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव. कोरताना माझेच डोळे भरून आले. यजमान म्हणाले, आज काय कांदा चिरायला घेतलास की काय.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या देव्हाऱ्यात उजेड कुठून येतो? समई कुठल्या बाजूला असते? ते कळलं पाहिजे.

श्रीदेवी


खडकमाळ वस्ती
३ ऑगस्ट २०२४

अक्का,

रागावू नका, पण मला राग आला आहे आणि तो गिळून लिहायला मला जमत नाही.

कागद हातात घेतला आणि मलाही रडू आलं. मग डोळे पुसून पुन्हा बघितलं तेव्हा कळलं, हे रडू सासूबाईंसाठी नाही. कुठलीही म्हातारी अशी बघताना दिसली तर येईल तसलं रडू होतं. सवाशीण म्हटलं की तुमच्या छिन्नीने दागिने घातले. विधवा म्हटलं की ती रडायला लागली. दोन्ही वेळा माझी सासू तुमच्या दारात उभी होती आणि तुम्ही तिला आत घेतलं नाही.

ती रडकी नव्हती. सांगते ऐका.

ज्या वर्षी टँकरचं पाणीसुद्धा वस्तीवर पोचत नव्हतं, त्या वर्षी ती एकटी मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकडे गेली आणि पाऊस पडल्यावर परत आली. गेली तेव्हा होती त्यापेक्षा चार कोकरं जास्त घेऊन आली. रोज दिवस मावळताना मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरायची. ती तोंडाशी काठी टेकून उभी राहायची आणि मोजायची. तिला आकडे येत नव्हते, डोळ्यानेच मोजायची. उजवा डोळा बारीक व्हायचा, पापणी अर्ध्यावर येऊन थांबायची. कपाळाला आठ्या पडायच्या, आडव्या, लांब. ओठ घट्ट मिटलेले. शेवटचं मेंढरू आत गेलं आणि सगळी भरली की ओठाचं एक टोक जरासं हलायचं. हसू नाही ते. हसू यायच्या आधीचं जे असतं ना, तेवढंच. कमी भरलं तर काठी उचलून तशीच अंधारात चालायला लागायची. कुणाला हाक मारायची नाही.

तिला जर कुठला चेहरा असेल तर तो आहे.

आणखी एक. तुम्ही मला दर पत्रात 'सौ.' लिहिता. मी खोडायला हवं होतं. खरं सांगायचं तर खोडावंसं वाटलं नाही. कुणीतरी लिहितंय तर लिहू दे म्हटलं. माझे मालक सांगोल्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेले तेव्हा माझा पोरगा, आता बाहेरगावी कामाला असतो तो, दोन वर्षांचा होता. माहेरची माणसं मला न्यायला आली. सासू दारात काठी आडवी धरून उभी राहिली. म्हणाली, "माझी सून हितंच ऱ्हाईल. तिला शिकायचं हाय." दहावीला बसवलं, अंगणवाडीत लावलं. हळदी-कुंकवाला दोघींनाही कुणी बोलवायचं नाही. त्या दिवशी ती मला घेऊन मेंढरांकडे जायची आणि तिथे आम्ही दोघी शेंगा भाजून खायचो.

तिला देव्हाऱ्यात जागा नसेल तर उद्या मलाही नाही, हे तर आहेच. पण मी हे माझ्यासाठी करत नाही. एवढी मेंढरं मोजून आत घेणारी बाई स्वतः कुंपणाबाहेर राहिली, हे मला सोसत नाही.

समई देवांच्या डाव्या हाताला असते. देव्हारा कोपऱ्यात आहे. बल्ब आहे, पण पूजेला लावत नाहीत.

विजयमाला


मंगळवार पेठ, सोलापूर
२४ सप्टेंबर २०२४

विजयमाला,

आता 'सौ.' नाही आणि 'ताई' पण नाही. तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस आणि मला झापलं आहेस, तेव्हा नातं झालंच.

इतके दिवस उत्तर का नाही म्हणून तू मनात काहीबाही आणलं असशील. बिरप्पा चारदा येऊन गेला, मी चारदा त्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला. त्याने तुला सांगितलं असेल, म्हातारी नुसती बसलेली असते. खरं आहे. बसले होते. पाच कागद पाडले आणि पाचही फाडले.

आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यात असतो आणि त्याला चेहरा नाही. त्या लिंगाच्या चांदीच्या डब्यांवर वेलबुट्टी कोरून मी शिकले. चेहरा मी नंतर शिकले, गिऱ्हाइकांसाठी, आणि गिऱ्हाइकाला हवा तसा. आनंदी पाहिजे तर रेघा वर, दुःखी पाहिजे तर खाली. तुझ्या पत्राने माझी ती दुकानदारी बंद पडली. तुझ्या सासूच्या चेहऱ्यावर वर जाणारं काही नाही आणि खाली जाणारंही काही नाही. सगळ्या रेघा आडव्या आणि थांबलेल्या. थांबलेली रेघ कोरायची कशी, त्यात महिना गेला.

मग सुरकुत्या काढून टाकल्या. सुरकुत्या जास्त झाल्या की म्हातारपण दिसतं, माणूस दिसत नाही. गालावर एकही रेघ नाही, कोरी चांदी आहे. उजव्या पापणीची एकच रेघ, सुरुवातीला केसासारखी, मधे जाड आणि शेवटी एकदम तोडलेली. तारेसारखी सगळीकडे सारखी रेघ मारली तर ती मेलेली दिसते. जाड-बारीक झाली की तिच्यात श्वास येतो. कपाळाच्या आठ्या सगळ्यांत खोल घेतल्या, पत्रा फाटेल अशी भीती वाटेपर्यंत. ओठ म्हणजे एक सरळ रेघ, आणि तिच्या टोकाला एक टिंब. ते टिंब मी शेवटच्या दिवशी मारलं. मारल्यावर हात धुतले आणि दुकान बंद केलं.

रेघांचा उतार समईच्या बाजूला ठेवला आहे. ज्योत हलली की पापणीतला अंधार कमी-जास्त होईल. मग ती मोजते की नाही ते तूच बघ.

टाक बिरप्पाबरोबर पाठवते आहे. रेघांत काळं भरून पक्कं केलं आहे. आता नीट वाच. याला भांड्यांची पावडर, लिंबू, चिंच, ब्रश काही लावायचं नाही. नुसत्या ओल्या फडक्याने पुसायचं. काळं गेलं तर चेहरा गेला. घरात सगळ्यांना सांगून ठेव.

तुझी,
श्रीदेवीअक्का


खडकमाळ वस्ती
१ ऑक्टोबर २०२४, दुपार

अक्का,

घात झाला.

टाक आला त्या दिवशी मी तो जोतिरामच्या हातावर ठेवला. तो तसाच उजेडात घेऊन गेला, बऱ्याच वेळाने आला, नाक लाल झालेलं. म्हणाला, "घटाच्या दिवशी सिद्धाप्पांशी मी बोलतो." एवढं तो आजवर कुणाविरुद्ध बोलला नव्हता. मी टाक देव्हाऱ्यातल्या पितळी ताटलीत ठेवला आणि निर्धास्त झाले.

आज घटाआधी देव उजळायचे होते. जोतिरामची सून पूनम, नवी आहे, कामाला वाघ. मी अंगणवाडीत असताना तिने सगळे देव परातीत घेतले, लिंबू पिळलं, पावडर टाकली आणि ब्रशने कानाकोपऱ्यातून घासले. रंभाबाईंना तर जास्तच, कारण 'त्यातच लई काळं बसलं व्हतं'. मी आले तेव्हा सगळे देव उन्हात मांडलेले आणि पोरगी शाबासकीची वाट बघत उभी. तिला काय बोलणार? तुमचं पत्र मी ट्रंकेत लपवलेलं. घरात सांगून ठेव म्हणाला होतात, मी ते वाचलं आणि तेवढंच करायचं राहिलं.

चेहरा गेला. सगळी चांदी चकचकते आणि मधे कुणी नाही. जोतिरामने बघितलं आणि खाली ठेवलं. "वैनी, ही आय न्हाय. नुसता पत्रा हाय." तेवढ्यात सिद्धाप्पा घटाचं सामान बघायला आलेले. ते म्हणाले, "बगा, देवानंच पुसलं." जोतिराम मान खाली घालून बाहेर निघून गेला.

परवा सकाळी घट. एकदा देव बसले की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. बिरप्पा आत्ता निघतो आहे. टाक त्याच्याबरोबर पाठवत नाही, वेळेत परत आला नाही तर घट चुकतील. काळं उद्याच्या उद्या पुन्हा भरता येईल का? पूनम कोपऱ्यात रडते आहे, तिला जेवायला लावून हे लिहिते आहे.

विजयमाला


सोलापूर
२ ऑक्टोबर २०२४, सकाळ

विजयमाला,

टाक पाठवला नाहीस हे बरं केलंस. पक्कं काळं करायला भट्टी लागते आणि एक दिवसात ते होत नाही.

आता डोकं थंड ठेवून ऐक. पावडरीने काळं गेलं, रेघ नाही गेली. ब्रशने चांदीतला खड्डा बुजत नाही. अंगठ्याचं नख कपाळावरून फिरवून बघ, अडकतं की नाही? तुझी सासू तिथेच आहे, तिच्यापाशी अंधार तेवढा नाही.

समईवर वाटी उपडी धरून काजळी धर. त्यात तेलाचा थेंब घाल. अंगठ्याने रेघांत दाबून भर, मग कोरड्या सुती कपड्याने वरवर पूस. दाबून पुसायचं नाही. वरची जाईल, रेघांतली राहील. मी कागद पाडते तेव्हा असंच करते, तू पण करशील. अंगठा घसरला तर थांब, पुन्हा कर.

पूनमला सांग, माझ्या सासऱ्यांनी कोरलेला नंदी मी लग्नाच्या पहिल्या वर्षी असाच घासला होता. अजून जिवंत आहे मी.

अक्का


खडकमाळ वस्ती
१३ ऑक्टोबर २०२४

श्रीदेवीअक्कांना नमस्कार.

काल दसरा झाला, आज देव उठले. नऊ दिवस तुम्हाला कळवायची घाई होती, पण नऊ दिवस मी त्यांच्यासमोरून हलले नाही म्हटलं तरी चालेल. आता सगळं सांगते.

तुमचं पत्र आदल्या रात्री उशिरा पोचलं. घटाच्या दिवशी पहाटे काजळी धरली, तेल घातलं. टाक हातात घेतला तेवढ्यात सिद्धाप्पा आले. वाटी बघून म्हणाले, "आज घट हायती. आन् देवाला काळं लावतीस व्हय गं?" जाऊबाईंनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. यात त्यांचं चुकलं नाही, सणाच्या दिवशी देवाला काळं कुणीच लावणार नाही. मी पण लावलं नसतं, अक्का, पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

जोतिराम आणि जाऊबाई पूजेला बसले. मी नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर. विड्याच्या पानांवर एकेक देव बसत गेला. रंभाबाईंचा टाक ताटलीत एकटाच मागे राहिला. मग सिद्धाप्पांनी भंडाऱ्याची मूठ भरली आणि 'बिरुदेवाच्या नावानं चांगभलं' म्हणून उधळली. आमच्यात भंडारा म्हणजे हळदच. ती देवांवर पडली, जोतिरामच्या डोक्यावर पडली, आणि ताटलीत पण पडली.

मला तुमचं पत्र आठवलं. अंधार पाहिजे असं तुम्ही लिहिलं होतं. मी म्हटलं, अंधार नाही तर नाही, हळद तर आहे.

मी उंबरा ओलांडला. जाऊबाई "अगंबाई" म्हणाल्या. समईतल्या तेलात अंगठा बुडवला आणि भंडारा रेघांत दाबला. कपाळावर, पापणीवर, ओठावर. अंगठा घसरला, थांबले, पुन्हा केलं. मग पदराने वरवर पुसलं, दाबून नाही. चांदी मोकळी झाली आणि रेघा पिवळ्या उठल्या. समई डाव्या हाताला होती. ज्योत हलली आणि उजवी पापणी अर्ध्यावर आली.

 मी टाक जोतिरामपुढे धरला. त्याने वाकून बघितलं आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा निघाला. "मेंढरं मोजतीया की गं आय."

सिद्धाप्पांनी टाक माझ्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांनी पण तिला वाघरीच्या तोंडाशी उभी बघितलेली आहे. मी मनाशी ठरवलं होतं, आता नाही म्हणाले तर टाक घेऊन बिरुदेवाच्या देवळात जाऊन बसायचं, दसऱ्यापर्यंत उठायचं नाही. सेविका म्हणून उपोषण करायची मला सवय आहे. पण तशी वेळ आली नाही. ते टाक समईकडे वळवत म्हणाले, "भंडारा बिरुदेवाचा. तो तिच्या अंगात बसलाय, त्यो मी कसा काडू? पान मांडा." जोतिरामने स्वतः पान मांडलं. आणि सिद्धाप्पा मोठ्यांदा म्हणाले, "विजयमाला, ही तुजी सासू, तूच बशीव."

मी बसवली, अक्का. रांगेच्या शेवटी, कडेला, जिथून सगळे दिसतात.

नऊ दिवस वस्तीवरची माणसं येऊन बघून गेली. मल्लव्वा तर रोज यायची. आता तीच आमच्याकडे पाणी मागते. पूनमला मी सगळी पत्रं वाचून दाखवली आणि देव पुसायचं काम तिच्याकडेच दिलं. तुमच्या नंदीची गोष्ट तिला फार आवडली.

एक गोष्ट मात्र कुणाला बोलले नाही, तुम्हाला सांगते. हळद सगळ्यांत जास्त धरली ती कपाळाने. तुम्ही आठ्या खोल घेतल्यात ना, पत्रा फाटेपर्यंत, त्यामुळे. जिला कुंकू गेल्यापासून कुणी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही, तिचं कपाळ नऊ दिवस हळदीने भरलेलं होतं आणि सगळी वस्ती त्यापुढे वाकत होती. मी देव्हाऱ्यासमोर बसून पोटभर रडले आणि पोटभर हसलेही. मग शेंगा भाजल्या, दोघींच्या वाट्याच्या मीच खाल्ल्या.

टाक पुन्हा काळा करायला पाठवणार नाही. तो असाच राहू दे.

आणि अक्का, माझ्या वेळेला तुम्ही असाल-नसाल. तुमच्यामागे जो कुणी छिन्नी धरील त्याला सांगून ठेवा, खडकमाळच्या विजयमालाच्या कपाळावर रेघा खोल घ्यायच्या. आधार कार्डाचा फोटो मी पाठवणार नाही. माझा चेहरा पूनम सांगेल.

तुमची,
विजयमाला